पाऊल, नाम, रिंगण



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते शिक्षक होते आणि माळकरीही होते. त्यामुळे या व्यासपीठावर ध्यानाबद्दल बोलताना वारीची वाट धरली तर संयोजक रागावणार नाहीत, असं मी गृहीत धरतो.

ध्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. मांडी घातलेली, पाठ ताठ, डोळे मिटलेले, आणि आसपास कुणी नाही. या चित्राशी माझं काही भांडण नाही. पण आपल्या मुलखातल्या बहुसंख्य माणसांनी बसून ध्यान केलेलंच नाही. त्यांना तेवढी सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते जमण्यासारखंही नव्हतं. दिवसभर रानात राबलेला माणूस संध्याकाळी डोळे मिटून बसला तर पाचव्या मिनिटाला पेंगतो. म्हणून त्याने दुसरी वाट काढली. उभं राहायचं, टाळ गळ्यात घालायचे, तोंडाने नाम घ्यायचं आणि सगळ्यांबरोबर पाऊल टाकायचं. या वाटेला आपण भजन म्हणतो, हरिपाठ म्हणतो, खेळ म्हणतो. ध्यान मात्र म्हणत नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की ते ध्यानच आहे, चांगलं कसदार ध्यान आहे, आणि त्याच्या काही कडक अटी आहेत. त्या अटी मोडल्या की मागे उरतो तो नुसता नाच.

अखंड हरिनाम सप्ताह बसलेल्या कुठल्याही गावात संध्याकाळच्या हरिपाठाला जाऊन पाहा. देवळापुढच्या मांडवात टाळकरी समोरासमोर दोन रांगा धरतात किंवा गोल करतात. मध्ये वीणेकरी. वीणा गळ्यात आहे तोवर बसायचं नाही आणि सप्ताहभर वीणा खाली ठेवायची नाही, हा नियम. पहारा बदलताना नवा माणूस येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. त्या दोघांत एक सत्तरीचा आणि एक विशीतला असला तरी वाकतात दोघंही. पखवाजवाला धुमेवर ओली कणीक लावून, थाप मारून, पुन्हा थोडी लावून सूर जमवत असतो. टाळ काशाचे, जड. दोरी बोटाला गुंडाळलेली. सुरुवात अगदी संथ. दोन पावलं पुढे, एक मागे. कमरेत वाकायचं, टाळ गुडघ्यापाशी आणायचे, उठताना डोक्यावर न्यायचे. मग तेच, आणि पुन्हा तेच. फडाफडाप्रमाणे पावलीत फरक पडतो, उडी कुठे घ्यायची ते बदलतं, पण एकूण मामला एवढाच. लय चढत जाते. शेवटाकडे पखवाज असा घुमतो की मांडवाचे बांबू थरथरतात, आणि मग एका थापेसरशी सगळं थांबतं.

ही पावली वर्गात शिकवत नाहीत. पोरगं रांगेच्या शेवटी उभं करतात आणि सांगतात, पुढच्याचे पाय बघ. चुकलं तर कुणी रागवत नाही, कारण पुढच्या आवर्तनात तेच पाऊल पुन्हा येणारच असतं.

आता बघा, या पावलात शिकण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. सगळी गंमत तिथेच आहे. कथक किंवा भरतनाट्यम शिकायला दहा-बारा वर्षं लागतात आणि त्याचं चीज व्हायला समोर जाणकार बसलेला लागतो. मोठ्या कला आहेत त्या, पण त्यांत करणारा आणि पाहणारा वेगळे असतात, वेगळे असावेच लागतात. पावलीचं पाऊल मुद्दाम गरीब ठेवलेलं आहे. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. ते पायांत बसलं की डोक्याला पायांकडे लक्ष द्यावं लागत नाही. आणि तोंडाला नाम लागलेलं असल्याने डोक्याला मनातल्या मनात बोलायचीही सोय राहत नाही. बसून ध्यान करणाऱ्याची सगळ्यात मोठी तक्रार काय असते? मन भटकतं. इथे मनाचे पाय आणि जीभ दोन्ही कामाला लावलेले असतात. भटकायचं तरी कशाच्या बळावर?

शिवाय श्वास. नाम ठरावीक लांबीचं असतं आणि ते चालीत म्हणायचं असतं, म्हणून श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप ठरतं. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लुचानो बर्नार्डी या इटालियन डॉक्टरांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. २३ माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणिपद्मे हूँ' हा तिबेटी जप. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची, रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळली. ती माणसं नाचत नव्हती, हे मी सांगून ठेवतो. चढत्या लयीत नाचणाऱ्याचा श्वास मिनिटाला सहावर राहणार नाही. पण संथ चालीत सुरुवात का करायची, हे आपल्या विणेकऱ्यांना कुठल्या जर्नलने सांगायची गरज पडली नव्हती. 'विज्ञानानेही मान्य केलं' असं म्हणून नाचणाऱ्यांतला मी नाही. नाडी मोजता येते. नाम घेणाऱ्याला काय मिळालं ते मोजायचं यंत्र अजून व्हायचं आहे.

हरिपाठ हे घरचं रूप झालं. त्याचं मोठं रूप म्हणजे वारीतलं रिंगण. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढी दशमीला पंढरपुरात पोचते. तरडगावाच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. पुढे सदाशिवनगर, खुडूस, ठाकूरबुवाची समाधी, बाजीरावाची विहीर अशी रिंगणं लागत जातात. तुकोबारायांच्या पालखीचं रिंगण बेलवाडीला, इंदापूरला, अकलूजला होतं. ही नावं वारकऱ्याच्या तोंडी स्टेशनांसारखी असतात.

गोल रिंगणात पालखी मधोमध ठेवतात. भोवती दिंड्या लागतात, त्यांच्या बाहेर धावायची वाट मोकळी. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, हंडेवाल्या, विणेकरी, टाळकरी, पखवाजवाले. नऊवारीचा काचा मारून, डोक्यावरच्या तुळशीला एक हात लावून साठीची बाई जेव्हा धावते, तेव्हा गुडघेदुखीवर बोलणाऱ्या डॉक्टरांनी जरा गप्प बसावं. शेवटी अश्व येतात: एकावर स्वार आणि त्याच्या हाती जरीपटका, दुसऱ्याची पाठ रिकामी. त्या रिकाम्या पाठीवर माउली बसलेली असते. टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. आणि ही झुंबड पांगल्यावर, टीव्हीवाले आपली छत्री मिटून निघून गेल्यावर, पालखीभोवती उडीचे खेळ सुरू होतात. माझ्या मते रिंगणाचा गाभा तिथे आहे. टाळकरी पालखीभोवती दाटीने गोल करून बसतात, उठतात, उडी घेतात, टाळ वर, टाळ खाली, आणि शेकडो टाळांचा एकच आवाज येतो. तोंडात दोन नावांखेरीज काही नसतं: ज्ञानोबा, तुकाराम.

याला कुणी उन्माद म्हणत असेल तर त्याने रात्रीच्या मुक्कामावर समाजआरतीला थांबावं. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंच धरतात, आणि सगळा तळ गप्प होतो. नुसता गप्प नाही, पान पडलेलं ऐकू येईल असा. एखाद्या दिंडीला तक्रार मांडायची असेल तर ती आपले टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो आणि टाळ थांबतात. उन्मादात असं होत नाही. लय चढवता येणं सोपं आहे, चढलेली लय एका खुणेवर सोडून देता येणं ही साधना.

ही गोष्ट एकट्या महाराष्ट्राची नाही, हे सांगण्यासाठी तुम्हाला जरा लांब, तुर्कस्तानातल्या कोन्या या गावी नेतो. जलालुद्दीन रूमी तिथे १७ डिसेंबर १२७३ रोजी गेले. त्यांचा मुलगा सुलतान वलद याने बापाच्या मागे पंथाची घडी बसवली. या मेवलेवी दरवेशांचा 'समा' आपण चित्रांत पाहिलेला असतो: पांढरे घोळदार झगे, डोक्यावर उंच टोप्या. टोपी म्हणजे थडग्याचा दगड आणि झगा म्हणजे कफन, असा त्याचा अर्थ सांगतात. सुरुवातीला अंगावर असलेला काळा अंगरखा उतरवून मगच दरवेशी फिरायला लागतो. डावा पाय खुंट्यासारखा रोवायचा आणि उजव्याने ढकलत फिरायचं. उजवा तळवा आभाळाकडे, डावा जमिनीकडे. प्रत्येक फेऱ्याला मनातल्या मनात अल्लाचं नाव. स्वतःभोवती फिरत फिरत सगळे मिळून दालनाभोवतीही फिरतात, आणि कुणाचा झगा कुणाला लागत नाही.

मला मात्र त्या फिरण्यापेक्षा त्याच्या आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जुन्या काळी दरवेशी व्हायचं म्हणून आलेल्या माणसाला थेट फिरायला मिळत नसे. त्याला मुदपाकखान्यात पाठवत. तिथे दाराजवळ मेंढीच्या कातड्यावर तीन दिवस बसून त्याने नुसतं पाहायचं आणि राहायचं की जायचं ते ठरवायचं. राहिला तर एक हजार एक दिवस सेवा: भांडी, झाडलोट, बाजारहाट, जोड्यांची मांडामांड, शौचकूपं साफ करणं. फिरण्याचे धडेही त्या स्वयंपाकघराच्या छायेतच. लाकडाच्या गुळगुळीत फळीवर मधोमध खिळा असे; डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये तो खिळा धरून, फळीवर मीठ टाकून, पाय जागचा हलू न देता फिरायला शिकायचं. आधी अर्धा फेरा, मग पूर्ण. सोललेल्या पायाला मीठ झोंबत असणारच. सैपाकघरातून वर गेलेल्या माणसाला समामध्ये आपण कसे दिसतो याची फारशी चिंता उरत नसावी.

अशा रिंगणांची राज्यकर्त्यांना फार धास्ती वाटत आलेली आहे. १९२५ साली तुर्की प्रजासत्ताकाने कायदा करून सगळ्या दरवेशी मठांना टाळं ठोकलं. अमेरिकेत त्याच्या पस्तीस वर्षं आधी याहून भयंकर घडलं. नेवाडातल्या पायूट जमातीच्या वोवोकाला १ जानेवारी १८८९ च्या सूर्यग्रहणात दृष्टान्त झाला: हात धरा, गोल करा, गात नाचा, भांडू नका, मेलेले आप्त परत भेटतील. ढोल नव्हता, नुसता गळा आणि पाय. जमिनी गेलेल्या, रानगवे संपलेले, उपासमार चाललेली. तो नाच मैदानी मुलखातल्या लकोटांपर्यंत पोचला. गोऱ्या अंमलदारांना त्यात बंडाची तालीम दिसली. फौज आली, आणि २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी इथे किमान दीडशे माणसं, त्यांत कितीतरी बायका-मुलं, गोळ्यांना बळी पडली.

बंदीने रिंगण मोडतं का? माझं उत्तर, सहसा नाही. कोन्यात १९५० च्या दशकात समा पुन्हा सुरू झाला, पण रूमींच्या पुण्यतिथीचा सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. मठ बंदच राहिले. तिकीट काढून पाहायला आलेले प्रेक्षक वाढले. २००५ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशात गणलं. आज इस्तंबूलमध्ये जेवणावळीबरोबरही दरवेशी फिरताना दिसतात. बंदीने जे झालं नसतं ते कौतुकाने होऊ शकतं. सगळं जसंच्या तसं राहतं, झगा, टोपी, तळव्यांची दिशा; फक्त मुदपाकखाना गळून जातो.

आता यातला एक धागा आपल्या घराजवळून जातो, तो सांगतो. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात मौलाबक्ष हे गायक होते. १८८६ साली तिथे गायनशाळा निघाली ती त्यांच्या हातून. त्यांचा नातू इनायत खान, जन्म १८८२, याच घरात, याच शाळेच्या वातावरणात वीणा आणि गाणं शिकला. १९१० साली तो अमेरिकेला गेला आणि गाता गाता सूफी विचार सांगू लागला. १९२३ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याला सॅम्युएल लुईस नावाचा शिष्य मिळाला. या लुईसनी पुढे झेनची साधना केली, भारतात येऊन कान्हनगडच्या स्वामी रामदासांच्या चरणी बसले, रूथ सेंट डेनिस या नर्तकीकडून प्रेरणा घेतली. आणि वयाची सत्तरी ओलांडल्यावर, १९६८ च्या सुमारास, हिप्पी पोरापोरींना गोलात उभं करून नाचवायला लागले. हात धरायचे, मध्ये गिटारवाला, पाऊल अगदी सोपं, आणि तोंडात कुठल्या ना कुठल्या धर्मातलं नाम. त्यात 'श्रीराम जय राम जय जय राम'ही होतं. समर्थांच्या आणि गोंदवल्याच्या परंपरेने आपल्या घराघरांत नेलेला हा तेरा अक्षरी मंत्र कॅलिफोर्नियात लांब केस वाढवलेल्या तरुणांनी फेर धरून म्हटला. लुईस १९७१ साली गेले; त्यांचे ते 'विश्वशांतीचे नाच' पुढे अनेक देशांत पसरले. १९७६ साली बर्नहार्ड वोझिएन या जर्मन बॅले-गुरूने युरोपातल्या खेड्यांतले फेराचे नाच स्कॉटलंडमधल्या फिंडहॉर्नच्या वसाहतीत नेले, तोही याच्याच जवळचा प्रवाह.

आपल्याकडचे काही लोक याला हसतात. मी हसणार नाही. या मंडळींनी एक मुद्दा अचूक पकडला: रंगमंच नको, प्रेक्षक नको, आलेल्या प्रत्येकाने गोलात उतरायचं. ज्याला नाच येत नाही त्याच्यासाठीच हा नाच आहे, हे त्यांना कळलं. कमी पडतं ते दुसरीकडे. शनिवार-रविवारच्या शिबिरात फी भरून आलेली माणसं सोमवारी एकमेकांना भेटत नाहीत. दिंडीत शेजारच्या टाळकऱ्याबरोबर तुम्ही दिवसभर चाललेले असता, त्याच्या शिदोरीतलं खाल्लेलं असतं, त्याचं घोरणं सोसलेलं असतं, आणि कदाचित बांधावरून त्याच्याशी भांडलेलेही असता. त्याच्याच पायाशी वाकायचं आहे. अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाहून प्रेमाने हसणं त्यामानाने फार सोपं असतं.

पण वारकऱ्यांनीही आपली पाठ थोपटून घेऊ नये. एका लयीत हलणाऱ्या अंगांमध्ये जी ताकद येते ती स्वतः बरी किंवा वाईट नसते. विल्यम मॅकनील हे अमेरिकन इतिहासकार १९४१ साली सैन्यात भरती झाले. टेक्सासच्या धुळीत तासन् तास निरर्थक कवायत करताना आपण कुणीतरी मोठे झालो आहोत, सगळ्यांत मिसळलो आहोत, असं त्यांना वाटत गेलं. पन्नासेक वर्षांनी, १९९५ साली, त्यांनी नाच आणि कवायत यांच्या इतिहासावर ग्रंथच लिहिला. त्यातून निघणारी गोष्ट अस्वस्थ करणारी आहे: फेर धरणाऱ्यांना जोडणारी लय आणि परेडच्या मैदानावर माणसाला हुकमाचा ताबेदार करणारी लय, मूळ एकच. दंगलीला निघालेला जमावही तालातच घोषणा देतो.

मग फरक कशात? गोलाला तोंड नसतं, पहिली रांग नसते, आणि मध्ये हुकूम सोडणारा उभा नसतो. पालघरकडे तारपा वाजवणाऱ्याभोवती वारली मंडळी फेर धरतात, जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे तो वेटोळा फेर जगाला माहीत झाला. त्यातही मधला माणूस वाजवतो, हुकूम देत नाही. एवढं असूनही नुसत्या गोलाच्या आकाराने माणूस सुधारत नाही, याचा पुरावा आपल्या पंढरपुरातच आहे. शतकानुशतकं वाळवंटात एकमेकांच्या पाया पडून नाचलेल्या समाजाने चोखोबांच्या जातभाईंना देवळात घेतलं नव्हतं. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी, बाहेर. दार उघडलं ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं तेव्हा. वाळवंटातली समता दारापर्यंत यायला एवढा काळ लागला, हे पावलीचं गुणगान करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवलं पाहिजे. ध्यान माणसाला मऊ करतं. न्याय मात्र वेगळा मागावा लागतो.

आजच्या रिंगणाबद्दल मला काळजी वाटते ती कोन्यामुळे. कडेला मान्यवरांसाठी मंच बांधले जातात. वर ड्रोन घरघरत असतात. धावणाऱ्या बाईच्या आड मोबाइल धरलेला तरुण येतो आणि ती थबकते. हल्ली काही ठिकाणी हरिपाठाच्या स्पर्धा होतात: पोरांना एकसारखे झब्बे, परीक्षक, गुण, चषक, आणि पावलीत नवनव्या करामती. पोरं गुणी आहेत, मेहनत घेतात, बघायला छान वाटतं. पण परीक्षक समोर बसला की पाऊल त्याच्यासाठी पडायला लागतं, आणि अवघड झालेलं पाऊल पहिल्यांदा कुणाला बाहेर काढतं? ज्याचे गुडघे दुखतात त्याला, आणि शेवटी उभं राहून पुढच्याचे पाय बघणाऱ्या पोराला. ज्यांच्यासाठी हे सगळं होतं तेच कडेला बसून टाळ्या वाजवायला लागतील. या व्याख्यानमालेच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की या स्पर्धांना बक्षिसं देण्याऐवजी गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ आणि पखवाज घेऊन द्यावेत. फुटका पखवाज शाई करून आणायला पैसे नाहीत म्हणून हरिपाठ बंद पडलेली देवळं आहेत.

आणि तुम्हा श्रोत्यांना एकच सांगणं. या सभागृहातल्या बहुतेकांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कुठल्या तरी देवळात संध्याकाळी हरिपाठ होतो. एकदा जा. फोन घरी ठेवा, चपला बाहेर काढा, खुर्ची मागू नका. रांगेच्या शेवटी उभे राहा आणि पुढच्याचे पाय बघा.